कोण कोणाच्या जिवावर? गिधाड, वाळवी, कासव आणि आपण

सड्यावरची

आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी कमळाच्या फोटोखाली "सर्व प्राणिमात्र एकाच ईश्वराची लेकरं" असं काहीतरी येतं. येऊ दे, माझी ना नाही. पण पाठवणाऱ्यांतल्या निम्म्यांना आपल्या विहिरीला पाणी कुठून येतं ते ठाऊक नाही आणि उरलेले सडा, म्हणजे वरचं जांभ्या दगडाचं उघडं पठार, विकायला निघालेत. म्हणून हा धागा काढतेय.

आपण सगळे जोडलेले आहोत, ठीक. पण कोण, कोणाशी, कुठल्या वाटेने? आणि मधली एखादी कडी काढून टाकली तर बोंब कोण मारतं? आपल्या किनारपट्टीतलीच उदाहरणं द्या. ॲमेझॉनचं जंगल आणि फुलपाखराच्या पंखांचं वादळ कृपया नको.

सुरुवात माझ्यापासून. मी राजापूर तालुक्यात, सड्याच्या उताराला राहते. सातबाऱ्यावर सडा म्हणजे पोटखराबा, लागवडीला निकामी जमीन. मे महिन्यात वर गेलात तर "इथे काय आहे?" असंच म्हणाल. पण जांभ्याला भोकंच भोकं असतात. पाऊस त्यातून खाली मुरतो, चिकणमातीचा थर लागला की आडवा वळतो आणि उताराच्या कडेला झऱ्याने बाहेर पडतो. त्या झऱ्यावर आमची विहीर, तिच्याखाली पोफळी, त्याखाली भाताचे कुणगे आणि शेवटी खाडी. शेजारच्या वाडीच्या डोक्यावर चिरेखाण निघाली. त्यांची विहीर पूर्वी मेअखेरीस तळ गाठायची, आता होळीलाच बादली आपटते. तिथले लोक पाऊस कमी झाला म्हणतात. पाऊस आमच्याकडेही तोच पडतो.

दुसरं उदाहरण माझ्या आवडीचं, अळंबी. श्रावणाच्या आगेमागे वारुळावर वर येते ती. ही वाळवीची शेती आहे, अगदी शब्दशः. पाचोळ्या-लाकडातला चिवट भाग वाळवीला एकटीला नीट पचत नाही. म्हणून ती चघळलेल्या चोथ्याचे वाफे वारुळाच्या पोटात रचते आणि त्यावर एक बुरशी वाढवते. बुरशी चोथा मऊ करते, मग वाळवी तो खाते. पावसात तीच बुरशी जमिनीवर छत्र्या काढते आणि आपण त्यांचं कांदा-खोबरं घालून सुकं करतो. बाजारातली पांढरी बटण अळंबी शेडमध्ये पिकते, ही मात्र वाळवीशिवाय पिकवणं माणसाला जमलेलं नाही. आणि त्याच वाळवीचं वारूळ परड्यात दिसलं की आपण पहिल्यांदा काय करतो? औषधाची बाटली शोधतो.

चला, आता तुमची पाळी.

---

गोठेवाला

पशुवैद्य आहे, नोकरीची बरीच वर्षं रायगडात गेली. तुम्ही कडी काढायचं म्हणालात, तर ही घ्या.

माझ्या विद्यार्थिदशेत मेलेलं जनावर गावाबाहेर टाकलं की दुपारपर्यंत सांगाडा उरायचा. गिधाडं इतकी होती की कोणी मान वर करून बघत नसे. नव्वदच्या दशकात ती पटापट मरायला लागली. झाडावर मान खाली घालून बसायची आणि एक दिवस खाली पडायची. लोक म्हणाले रोग आला, कोणी म्हणालं अन्न संपलं. खरं कारण २००४ मध्ये प्रसिद्ध झालं, डायक्लोफेनॅक. तापावर, सुजेवर, लंगडणाऱ्या बैलाला आम्ही सर्रास टोचत होतो ते वेदनाशामक. इंजेक्शन दिलेलं जनावर एक-दोन दिवसांत मेलं आणि गिधाडाने त्याचं मांस खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात. पोट उघडलं तर आतले अवयव खडूची पूड फासल्यागत पांढरे दिसतात. ते साचलेलं यूरिक ॲसिड. शंभरातल्या एकाहून कमी मढ्यांत औषध असलं तरी अख्खी जात खाली यायला पुरतं, असं गणित नंतर मांडलं गेलं, कारण एका मढ्यावर शेकडो गिधाडं जेवतात. पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं १९९० च्या सुरुवातीपासून पंधरा-एक वर्षांत ९९ टक्क्यांहून जास्त घटली.

बैलाला बरं वाटावं म्हणून दिलेलं औषध होतं हो. कोणाच्या मनात पाप नव्हतं.

पुढची कडी ऐका. गिधाडं गेली, मढी पडून राहिली, त्यावर भटकी कुत्री पोसली. कुत्री वाढली, चावे वाढले. मढी ओढ्यात टाकली गेली, पाणी नासलं. २०२४ मध्ये फ्रँक आणि सुदर्शन या दोन अर्थतज्ज्ञांनी जिल्हावार मृत्युदर तपासून अंदाज काढला की २००० ते २००५ या काळात गिधाडं नाहीशी झाल्यामुळे देशात सुमारे ५ लाख माणसं जास्तीची दगावली. अंदाजच तो, पण निम्मा धरला तरी काय कमी आहे?

गुरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात फिरू लागल्या, म्हणून २०१५ मध्ये ती कुपी ३ मिलीची केली. २०२३ मध्ये कीटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकही गुरांसाठी बंद झालं, तीही गिधाडाला बाधतात. मेलॉक्सिकॅम चालतं, ते गिधाडाला सुरक्षित आहे.

आपल्याकडे म्हसळ्याजवळ चिरगावला गिधाडं टिकून आहेत. जुनी मोठी झाडं गावाने तोडू दिली नाहीत, हे त्याचं मोठं कारण. कधी गेलात तर घरट्यांखाली जाऊन गलका करू नका.

---

पोफळीचं झाड

वाचतेय. गोठेवाले डॉक्टर, "पाप नव्हतं" वाचून थांबले जरा.

---

रोखठोक

धागा चांगला आहे, पण एक शंका आधीच मांडतो. हे सगळं पर्यावरणशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतं, अन्नसाखळी म्हणतात त्याला. त्यात "आपण सारे एक" हा भाव कुठून येतो? गोचीड गाईला जोडलेली असते, जंत माझ्या आतड्याला जोडलेला असतो. जोडलेलं असणं ही वस्तुस्थिती झाली, तिच्यातून आपोआप माया निघत नाही. उगाच दोन्हींची खिचडी करू नये.

---

सड्यावरची

रोखठोक, मायेचा शब्द मी काढलेलाच नाही. मी हिशेब विचारतेय. गोचीड-जंत आनंदाने आणा धाग्यावर.

---

हापूसवाला

आणतो मी. गोचीड नाही, माकड.

देवगडच्या बाजूला कलमं आहेत माझी, थोडे माड, पूर्वी भुईमूग-नाचणीही होती. आता फक्त कलमं. नाचणी सोडली, कारण पेरायची आम्ही आणि खायची माकडांनी. रात्री डुकरं येतात ती वेगळीच. माकडं कोवळे नारळ दात मारून टाकून देतात, खाल्ले असते तरी म्हटलं असतं पोट भरलं बिचाऱ्यांचं. गावात निम्मी शेतं पड आहेत ती काही आळसाने नाही. पुण्या-मुंबईचे लोक येतात, घाटात गाडी थांबवून माकडाला वेफर्स देतात, फोटो काढतात आणि आम्हाला सहजीवन शिकवतात. तेव्हा जोडलेले आहोत हे मला कोणी सांगायला नको. माझ्या खिशाला जोडलेली आहेत ती.

"जंगल तोडलं म्हणून माकडं खाली आली" असं आता कोणीतरी लिहिणारच. असेल. पण ते तोडलं कोणी आणि भरतंय कोण?

जाता जाता, प्रामाणिकपणे एक गोष्ट माझ्या बाजूविरुद्ध. आंब्याच्या मोहोराचं परागीभवन मुख्यतः माश्या करतात. मधमाश्या थोड्या, बाकी घरातल्या घाणीवर बसतात तसल्याच साध्या माश्या. आमचे आजोबा मोहोराच्या दिवसांत कलमाखाली मासळीचं कूट टाकायचे. वास असा की बाहेर जेवायला बसणं मुश्कील, पण माशा घोंगावायच्या. आम्ही तुडतुडा आणि फुलकिड्यांसाठी फवारे मारतो त्यात त्याही मरतात. भर फुलोऱ्यात फवारू नका असं शेतकी खात्याची माणसंही सांगतात. पण शेजाऱ्याने मारलं की तुडतुडा माझ्या बागेत येतो, मग मी कसा थांबू? मोहोर भरघोस, कणी मात्र बसत नाही, ही तक्रार यंदा आमच्या पट्ट्यात सगळ्यांची आहे आणि प्रत्येकाचं बोट हवामानाकडे.

---

ओपीडी

हापूसवाला, माकडाचा विषय निघालाच आहे तर दोडामार्ग-सावंतवाडीकडचं सांगते. तिकडच्या ग्रामीण रुग्णालयात काम केलं आहे.

माकडताप. खरं नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात १९५७ मध्ये पहिल्यांदा ओळखला गेला. आपल्याकडे २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात साथ झाली. विषाणू जंगलातल्या गोचिडीत असतो. गोचीड माकडाला चावते, माकड आजारी पडून मरतं, मढं थंड झालं की त्याच्यावरच्या गोचिडी उतरतात आणि खालच्या पाचोळ्यात पसरतात. तिथे काजूच्या बिया वेचायला बायामाणसं जातात, नेमकी जानेवारी ते मे, म्हणजे बारक्या गोचिडींच्या ऐन हंगामात. पायाला चावलेलं कळतही नाही, इतकी बारीक असते. मग सणकून ताप, अंग मोडून येणं, काहींना रक्तस्राव.

ही साखळी माणसापाशी तुटते. माणसाकडून माणसाला हा ताप लागत नाही. पण मेलेलं माकड दिसलं आणि आपण नाक दाबून पुढे गेलो, तर पुढच्या आठवड्यात वाडीत ताप येऊ शकतो. आम्ही लोकांना सांगायचो, माकड मेलेलं दिसलं की हात लावू नका, आरोग्य केंद्राला नाहीतर वनखात्याला कळवा. एक आजी म्हणाल्या, "माकडाचो सुतक आमी आधीच धरतंव, पण सरकाराक सांगूचा आसता ह्या नवीन." त्या भागात मारुती म्हणून मेलेल्या माकडाला लोक हळद-कुंकू वाहून पुरतात. श्रद्धेने उचलून घेतात आणि गोचिडी अंगावर चढतात. काय सांगणार? आम्ही हळद-कुंकू वाहू नका असं कधी म्हटलं नाही, लांबून वाहा म्हटलं.

रोखठोक यांची गोचीड ती हीच.

---

रोखठोक

ही गोचीड माझ्या मुद्द्याला चालते. धन्यवाद.

---

रापणीचो झील

मी मालवणीतच लिवतंय, समजान घेवा.

आमची रापण आज्या-पणज्याची. होडयेतसून जाळा सोडीत दर्यात गोल फिराचा आणि परत किनाऱ्याक येवचा. मगे दोनय बाजूंनी माणसा दोरी ओढतत. वाटप करताना जाळ्याचो वाटो, होडयेचो वाटो, आणि मगे ज्येंनी ज्येंनी हात लायलो तेंचो. म्हातारो माणूस नुसतो दोरयेक हात लावन उभो रवलो तरी तेका चार बांगडे गावतत. घरात कोण कमावतो नाय अशी बाई टोपली घेवन इली तर तिका रिकामी धाडूची नाय. पोरगो शाळेतसून पळान इलो, तेकाय दोन. कावळे-घारी आणि मांजरा आपलो वाटो आपणच घेतत, तेंका कोण इचारणा नाय.

आता रापणीक मासोच कमी लागता. भायर पर्ससीनवाले, म्हणजे मोठ्या यंत्राच्या जाळ्यांचे, आणि लाइटवाले. रात्री दर्यात एवढो उजेड करतत की किनाऱ्यार बसान वाटता थय एखादा शहरच आसा. मासो उजेडाक जमता, बारीक-मोठो सगळो एकदम उचलतत. एलईडीक २०१७ पासून बंदी आसा म्हणतत. कागदार आसा. तारली आणि बांगडो संपलो तर सुरमय काय खातली? आणि सुरमय नाय तर तुमी काय खातलास? पापलेटाक २०२३ सालात राज्यमासो केलानी. मान दिलो बरो झाला, पण पिल्ला पकडूची थांबली काय?

जोडलेले आसव ता खरा. पण दोरी एकच बाजू ओढता, दुसरी बाजू पाण्यात उभी.

---

कुलवृत्तांत

माणसा-माणसांतल्या नात्यावर कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापण्याच्या समितीत आहे, त्यामुळे हा किडा डोक्यात आहे.

साधं गणित करा. आई-बाप दोन, आजी-आजोबा चार, पुढे आठ. तीस पिढ्या मागे गेलात तर पूर्वजांची घरं होतात १०७ कोटींहून जास्त. पिढी पंचवीस वर्षांची धरली तर हा काळ येतो साधारण ज्ञानेश्वरांचा. तेव्हा अख्ख्या पृथ्वीवर तेवढी माणसंच नव्हती. मग ही घरं भरली कोणी? त्याच त्याच माणसांनी. तोच पूर्वज शेकडो वाटांनी पुन्हा पुन्हा तुमच्या झाडात येतो आणि शेजाऱ्याच्याही झाडात येतो. आमचा कुलवृत्तांत एका मूळपुरुषापासून सुरू होतो आणि फक्त बापाची वाट धरतो. ती एवढ्या कोटी वाटांतली एक. बाकीच्या कुठून आल्या ते छापायला समितीची तयारी नाही. (मी सुचवून पाहिलं. चहा आला, विषय बदलला.)

आणि किनारा कोकणाचा. चौल, दाभोळ ही बंदरं शतकानुशतकं अरबस्तानाशी, आफ्रिकेशी व्यापार करत होती. अलिबागच्या नवगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागले ते आपले पूर्वज, असं बेने इस्राएली सांगतात. ते तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. आडनावं पेणकर, दिवेकर, किहीमवरून केहीमकर. भाषा मराठी. २०१६ मध्ये त्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पश्चिम आशियातले ज्यू आणि इथले लोक, दोघांचा वारसा दिसला. मुरूड-जंजिऱ्याचे सिद्दी आफ्रिकेतून आले, कोकणी मुसलमानांत अरब व्यापाऱ्यांचा अंश आहे. ज्यांना आपण बाहेरचे म्हणतो त्यांच्या आणि आपल्या झाडाच्या फांद्या कुठे कुठे अडकल्यात हे मोजायला गेलं तर बऱ्याच जणांची झोप उडेल.

---

तळ्याकाठी

कुलवृत्तांत, तुमचं गणित बरोबर आहे. पण रक्ताने एक असल्याने काय होतं ते मी सांगतो. मी महाडचा.

सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं असल्याचं जाहीरही केलं. कागदावर, वरच्या रापणवाल्या भावाच्या एलईडी बंदीसारखं. प्रत्यक्षात कोणी तळ्याच्या पायरीवर उतरू शकलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब लोकांना घेऊन गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली, आणि मग गावातल्यांनी तळं "शुद्ध" करून घेतलं. १०८ घागरी पाणी उपसलं, दूध, दही, शेण, गोमूत्र ओतलं. कोर्टाचा शेवटचा निकाल लागायला १९३७ उजाडलं.

त्या तळ्यावर त्या आधीही गुरं पाणी पीत होती. कुत्री पीत होती, पाखरं पीत होती. म्हणजे "सर्व प्राणिमात्र एक" हे आमच्या गावाला तेव्हाही मान्यच होतं. त्यातून माणसांची काही घरं तेवढी वगळली होती.

धागाकर्तीला एकच विचारतो. तुमच्या सड्याखालचा तो झरा, विहीर, पोफळी, कुणगे. उतारावरून पाणी खाली येताना सगळ्यात खालची वाडी कोणाची?

---

सड्यावरची

तळ्याकाठी, खालची वाडी बौद्धवाडीच आहे. आणि उन्हाळ्यात सगळ्यात आधी विहीर त्यांची आटते, आमची नाही. पूर्वी झऱ्याचा पाट त्यांच्यापर्यंत जाऊच देत नसत, आता जातो, पण पोफळींना पाणी लावून उरलं तर. पाळीपाळीने शिंपण लावायचा विषय ग्रामसभेत आहे. चिरेखाणीविरुद्ध अर्ज केला तेव्हा सह्या मात्र त्यांच्याच सर्वांत आधी आल्या होत्या.

---

गुहागरची बाई

विषय जरा समुद्राकडे नेते. शाळेत शिकवते, मुलांना घेऊन कासवांच्या घरट्यांवर जाते.

२०२५ च्या जानेवारीत आमच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका ऑलिव्ह रिडले मादीच्या पंखाला धातूची पट्टी होती. नंबर ०३२३३. शोध घेतल्यावर कळलं की ती पट्टी २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली. म्हणजे बाई बंगालच्या उपसागरातून, बहुधा श्रीलंकेला वळसा घालून, गुहागरला आल्या, साडेतीन हजार किलोमीटर तरी. त्याआधी गुहागरहून उपग्रह ट्रान्समीटर लावून सोडलेली बागेश्री उलट्या दिशेने, श्रीलंकेच्या बाजूला गेली होती. पूर्वेची कासवं वेगळी, पश्चिमेची वेगळी, असं आम्ही मुलांना सांगत होतो. कासवांना ते कोणी कळवलं नव्हतं.

पूर्वी इथे अंडी सर्रास काढून खाल्ली-विकली जायची. वेळासला चिपळूणच्या संस्थेने २००२ पासून काम सुरू केलं, मग एकेक गाव त्यात आलं. अंडी काढणारेच राखणदार झाले, काहींना पर्यटकांमुळे चार पैसे मिळाले. तरी मला जास्त काळजी वाळूची वाटते. पिल्लू नर होणार की मादी हे अंड्यातल्या गुणसूत्रांवर ठरत नाही, वाळूच्या उष्णतेवर ठरतं. साधारण तीस अंशांच्या वर माद्या वाढत जातात, खाली नर. म्हणजे दूर कुठल्या शहरात कोळसा जळतो त्याचा परिणाम इथे घरट्यातल्या पिल्लांत नर किती, माद्या किती यावर होतो. मुलांना हे सांगितलं तर एक मुलगा म्हणाला, "बाई, मग घरट्यावर झाप घालूया ना सावलीला." घातलं. काही ठिकाणी खरंच तसं करतात.

रापणवाले भाऊ, जाळ्यात कासव आलं तर तुमच्याकडे काय करतात?

---

रापणीचो झील

बाई, सोडतंव. पयल्यापासूनच सोडीत इलंव, ता विष्णूचो अवतार. पण जाळ्यात गुतला तर जाळा कापूचा लागता, आणि जाळा काय फुकट येना नाय. २०१८ च्या अखेरपासून सरकार नुकसानभरपाय देता, २५ हजारापर्यंत. जाळा कापून कासव सोडतानाचो फोटो-व्हिडिओ व्हयो. मोबाइल पाण्यात पडलो तर तेची भरपाय कोण देता ता विचारा नको.

---

माहेर वेंगुर्ला

मी शास्त्र वगैरे काही जाणत नाही. माटवीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात, तिला रानातलं आणि परड्यातलं बांधायचं. नारळाची जोडी, सुपारीचा घोस, आंब्याचे टाळ, तवसं. हे घरचं. बाकीचं रानातून: कांगणे, कवंडळ, शेरवडाची पांढरी पानं, वाघनखीची फुलं, तेरडा. कवंडळ लालभडक, बाहेरून इतकं देखणं की हात जावा, पण माणसाला ते विषारी. तरी ते लागतंच. माझी आजी म्हणायची, खायचं तेवढंच देवाला दाखवलं तर तो बाजार झाला. वडील चतुर्थीच्या आधी मुलांना घेऊन रानात जायचे, कुठल्या वळईच्या मागे काय येतं ते पाठ करून घ्यायचे आणि एका वेलावरचं सगळं कधी काढू द्यायचे नाहीत. "पुढच्या घराक ठेव" म्हणायचे. त्यात पुढचं घर म्हणजे कधी शेजारी, कधी पाखरं.

आता चतुर्थीच्या बाजारात जुडी बांधून विकायला ठेवतात. विकणाऱ्या बायकांचं पोट त्यावर आहे, त्यांना मी कशाला बोलू? पण माझ्या मुलाला कवंडळाचा वेल दाखवला तर त्याला ओळखता येणार नाही. त्याच्या लेखी ते बाजारातलं फळ.

---

गलबत

चार ओळी. ऑक्टोबरात भातकापणीच्या वेळी शेतावर पिवळसर चतुर थव्याने उडतात ना, त्यातले पुष्कळसे अरबी समुद्र ओलांडून मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेला जातात, पाठीमागून येणाऱ्या वाऱ्यावर. परत येतात ती त्यांची पुढची पिढी. नोव्हेंबरात अमूर ससाणा, साधारण कबुतराएवढा पक्षी, नागालँड-मणिपूरवरून निघून आपल्या डोक्यावरून आफ्रिकेला जातो आणि समुद्रावर बहुधा याच चतुरांवर जगतो. चतुराची पिल्लं वाढतात साचलेल्या पावसाच्या पाण्यात, म्हणजे सड्यावरच्या डबक्यांतही. पोटखराबा म्हणे.

---

रोखठोक

हे चतुराचं आवडलं. माझा मुद्दा कायम आहे, पण आता जरा वेगळ्या शब्दांत: इथे एकानेही "म्हणून आपण प्रेम करावं" असं लिहिलेलं नाही. सगळे वाट्याबद्दलच बोलताहेत. कोणाला किती, कोणी आधी, उरलं तर कोणाला. हे मला व्हॉट्सॲपच्या कमळापेक्षा पटतं.

हापूसवाल्यांच्या प्रश्नाला मात्र कोणी उत्तर दिलं नाही. जंगल तोडलं कोणी आणि भरतंय कोण?

---

हापूसवाला

उत्तर नाहीच ते. असो.

गोठेवाले डॉक्टर, एक कामाचं विचारतो. गोठ्यात दोन गाई आहेत, फळीवर इंजेक्शनच्या बाटल्या पडल्यात, गावातला एक जण टोचून जातो तो ठेवून गेलाय. एकीवर डायक्लोफेनॅक लिहिलंय, बाटली मोठी, तीस मिलीची. दुसरीचं लेबल निघालंय. काय करू?

---

गोठेवाला

दोन्ही वापरू नका. तीस मिलीची बाटली आता असायलाच नको, कुठून आणली ते त्या माणसाला विचारा आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन दाखवा. उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकू नका. लेबल नसलेलीही तिथेच द्या. गाईला ताप-सूज असली तर मेलॉक्सिकॅम मागा, महाग नाही.

आणि गेल्या आठवड्यात कुठल्या गाईला ते टोचलेलं असेल आणि दुर्दैवाने ती गेली, तर उघड्यावर टाकू नका. खोल खड्डा काढून पुरा. देवगडकडे गिधाड दिसत नसलं तरी पुरा, घारी आणि कुत्री आहेतच.

---

हापूसवाला

उद्याच जातो. गाई धडधाकट आहेत.

त्या टोचणाऱ्याकडे असल्या आणखी बाटल्या असणार. आमच्या पंचक्रोशीत तो सगळीकडे फिरतो.

---

गोठेवाला

मग त्यालाही बरोबर घेऊन जा. ओरडू नका त्याच्यावर, नाहीतर लपवेल.